घळीतला बंधारा, रस्त्यावरचा मी

मी जंगलातला दगडी बंधारा बोलतोय. पाणी दिसतंय का हो माझ्यामागे? नाही ना? दोन पावसाळे झाले, मलाही दिसलेलं नाही.

माझा जन्म संगणकाच्या पडद्यावर झाला. उपग्रहाने वरून डोंगराची चित्रं काढली. कार्यालयातल्या नकाशावाल्या ताईंनी उतार, माती, ओहोळ सगळं ताडून पाहिलं आणि घळीच्या अरुंद तोंडाशी एक निळा ठिपका ठेवला. तो ठिपका म्हणजे मी. तिथे अडलेलं पाणी झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीला उन्हाळाभर पुरणार होतं.

ठिपका खरा की खोटा हे पाहायला वनरक्षक बाई दोन तास चढून घळीत गेल्या. पहारीने ठोकून खाली खडक लागतो का ते पाहिलं, दोन्ही काठांच्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढले. वाडी म्हणजे त्यांचं माहेर. परतताना आईला म्हणाल्या, "आता उन्हाळ्यात घळीतल्या झऱ्यावर हंडा घेऊन चढायचं नाही. लिहून ठेव."

"मला कुठे लिहिता येतं? तूच लिही," आई हसली.

बांधायची वेळ आली तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं, "घळीपर्यंत गाडी जाते?"

"नाही साहेब, पायवाट आहे."

"मग पाहणीला येणाऱ्यांनी काय उडत जायचं? रस्त्याकडेलाच बांधा. दिसला पाहिजे."

झालं! रस्त्याकडेच्या एका उथळ चरावर मला उभं केलं. मिस्त्री कामाचा पक्का. एकेक दगड ठोकून, हलवून बघून बसवला. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेवढंही मी सोसलं असतं. पण अहवालात फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे द्यावे लागतात, आणि रस्त्याचे आकडे नकाशाशी जुळेनात. साहेबांनी बाईंच्या हातात फोन दिला. "घळीत जाऊन आकडे घ्या. फोटो इथला लावू."

"पण साहेब..."

"बदली हवीय का?"

बाई मूग गिळून निघाल्या. आपणच पट्टे ओढलेल्या झाडांमध्ये उभ्या राहून त्यांनी आकडे टिपले. साहेबांचं सोडा, ते माझे कधी नव्हतेच. माझा केसाने गळा कापला तो बाईंनी.

यंदाही विहीर आटली. घळीत बंधारा द्या म्हणून वाडीने अर्ज केला. परवा उत्तर आलं. बाईंची आई झऱ्यावर निघाली होती, दम खायला माझ्यावर टेकली. सोबतच्या बाईंनी तिथेच पत्र वाचून दाखवलं, "सदर जागी बंधारा अस्तित्वात आहे. दुसरा मंजूर करता येणार नाही."

"घळीत? अगं, मी रोज जाते की तिथे! कुठे आहे?"

बाईंनी माझ्या दगडावर हात ठेवला. "हाच तो. आकडे तिथले लागलेत. मीच दिले, आई."

आई रिकामा हंडा उचलून वाटेला लागली. बाई मागून हंडा घ्यायला गेल्या, तर तिने दिला नाही.

कोरडं राहण्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. पण मी इथे उभा आहे तोवर घळीत दगडावर दगड चढणार नाही, हे मला सहन होत नाही. म्हणून एवढंच मागतो, मला पाडा. माझे दगड वर घळीत न्या. मिस्त्रीने घट्ट बसवलेत, पहार जरा दणकट आणा.