पुढच्या युगाचं पिवळं बटण

झोपाळ्याची कडी एकदाच कुरकुरली आणि दुपारची शांतता मोडली. जागृतीने चालू ओळ अर्धवट टाकून लॅपटॉप मिटला. सासूबाई झोपाळ्यावर कुशीवर वळल्या की कडी एकदा वाजायची आणि उठून बसल्या की दोनदा. ती कान देऊन दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही. म्हणजे अजून निदान वीस मिनिटं आपली. तिने लॅपटॉप पुन्हा उघडला आणि माणसाला चाक आत्ता द्यायचं की जरा थांबायचं, या प्रश्नाकडे वळली.

चाक दोन दिवसांपासून अडलं होतं.

डहाणूजवळ नरपडला, चिकूच्या वाडीतल्या घरात बसून जागृती अंधेरीच्या एका छोट्या कंपनीसाठी मोबाईलवरचा खेळ रचत होती. खेळणाऱ्याला सुरुवातीला पाच माणसं, एक शेकोटी आणि थोडं जंगल मिळे. मग त्याने एकेक विद्या शिकत जायचं. मडकं घडवता आलं की धान्य साठवता येतं. धान्य उरू लागलं की ते वाहून न्यायला चाक, चाकामागून गाडी, गाडीमागून बाजार. कशाच्या मागून काय उघडायचं ही सगळी उतरंड ठरवणं हे जागृतीचं काम. पाषाणयुग, लोहयुग, राजेरजवाड्यांचं युग आणि यंत्रयुग, अशी मानवजातीची एकंदर वाटचाल रोज दुपारी दीड ते साडेतीन या वेळात व्हायची, कारण पाच वर्षांची दिशा आणि दिशाची आजी या दोघी त्याच वेळात झोपायच्या.

सासूबाईंचं नाव हिरकणी. चिंचणीच्या त्यांच्या बहिणीने फोनवर विचारलं होतं, सून घरात बसून करते तरी काय. त्या म्हणाल्या, "ती माणसांना दगडापासून वर आणते. भात करपतो तेवढ्यात."

जागृती हसली होती. भात खरंच करपला होता.

पूर्वी ती याच कंपनीत अंधेरीला जाऊन बसायची. दिशा झाली, नवऱ्याची, जतीनची, तारापूरच्या कारखान्यातली पाळी सुटेना, आणि अंधेरी सुटली. पाच वर्षांनी, २०१७ साली, तिचा जुना साहेब प्रितेश याने तिला पुन्हा काम दिलं, तेही हात राखून. "हे बघ, घरून काम हा आपला एक प्रयोग आहे," तो म्हणाला होता. "पाषाणयुग तुझं. ते शुक्रवारपर्यंत पक्कं झालं तर पुढची तिन्ही युगं तुझी, तू कायम. नाही झालं तर मला ऑफिसमधल्या कोणाला तरी द्यावं लागेल."

शुक्रवार दहा दिवसांवर होता. जागृतीला ते काम हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. स्वयंपाकघर सासूबाईंचं, वाडी सासऱ्यांची, रात्री दिशाच्या. दिवसाकाठी तिच्या एकटीच्या नावावर असलेली जागा म्हणजे ते दोन तास.

त्यात प्रितेशचं नवीन निघालं. रेंज नीट मिळावी म्हणून ती विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून बोलत होती. "आपले लोक सगळे गेम खेळून खेळून निबर झालेत," तो म्हणाला. "ज्याने आयुष्यात गेम बघितला नाही असा कोणीतरी बसव. तो कुठे अडतो ते बघू."

"कोणाला बसवू?"

"तुमच्याकडे नसतील का माणसं?"

सासूबाईंनी खेळ असलेला टॅबलेट हातभर लांब धरून बघितला आणि परत दिला. "एवढी माणसं मी नाही सांभाळणार. घरातली पाच सांभाळतेय ती पुरेत."

मग उरली रूपी. रूपी तलासरीकडच्या उधव्याची. चिकूच्या हंगामात सोमवारी जीपने यायची, आठवडाभर वाडीतल्या खोलीवर राहायची आणि शनिवारी परत जायची. पंचेचाळिशीची, काटक, बोलायला तिखट. पडवीत बसून ती चिकू निवडायची. एका नजरेत एक नंबर, दोन नंबर, आणि घरात खायचे. दुपारच्या चहाला तिला अर्धा तास मोकळा असायचा आणि दिशा झोपेतून उठली की हटकून तिच्याच मांडीत जाऊन बसायची.

"ह्यात काय करायचा हाय?" रूपीने टॅबलेट मांडीवर घेत विचारलं.

"ही पाच माणसं तुझी. त्यांना जगवायचं, वाढवायचं. आणि हे पिवळं बटण पेटलं की दाबायचं. मग पुढचं युग येतं."

रूपीला दोन दिवसांत सगळं कळलं. उलट तिनेच चुका काढल्या. "वहिनी, आधी राब भाजायचा, मंग पेरायचा. तुम्ही नुसताच पेरायला लावता. रोप काय तुमच्या भरवशावर येईल?" पालापाचोळा जाळून जमीन भाजायची ही विद्या जागृतीने निमूटपणे पेरणीच्या आधी घातली. प्रितेशला ती फारच आवडली. "ऑथेंटिक आहे," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी रूपीच्या गावात तीनशे चाळीस माणसं झाली. कणग्या भरलेल्या, जंगल उभं, नदीत मासे. पिवळं बटण दोन दिवसांपासून पेटून होतं. रूपीने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"ते दाब की," जागृती म्हणाली.

"दाबला तर काय येल?"

"लोखंड येईल. मग राजे येतील. मग कारखाने."

"जंगल ऱ्हातं?"

"कमी होत जातं."

"आणि हे मासे?"

जागृतीने मनातल्या मनात आपलीच तालिका तपासली. "मासेही कमी होतात."

"राजा काय देतो?"

"देत नाही. तो घेतो. धान्याचा सहावा वाटा."

रूपीने तिच्याकडे असं बघितलं, जसं दुकानदाराने नासका माल पुढे केल्यावर गिऱ्हाईक बघतं. "मंग मी दाबू कशाला?"

दिशा खदखदून हसली. जागृतीलाही हसू आलं, पण संध्याकाळी प्रितेशचा फोन आला तेव्हा ते जिरलं. रूपीच्या गावाचे आकडे त्याला अंधेरीत दिसत होते.

"कोण आहे ही बाई? ती जिंकतेय आणि खेळतच नाहीये," तो म्हणाला. "कोणी पाषाणयुगातच सुखानं बसून राहिलं तर पुढची तीन युगं विकायची कोणाला? हे भोक आहे, जागृती. मोठं भोक. जो पुढे जात नाही त्याला काहीतरी झालं पाहिजे. शुक्रवारच्या आत."

भोक बुजवायला हाताशी सहा दुपारी होत्या. पहिल्या दोन जागृतीने दुष्काळात घालवल्या. सलग तीन हंगाम पाऊस नाही, असं करून तिने खेळ रूपीपुढे ठेवला. रूपीने कणग्या मोजून वापरल्या, अर्धी माणसं जंगलात कंद खणायला पाठवली आणि पाऊस येईपर्यंत चिकूच्या दोन पाट्या निवडून टाकल्या. "असा तर दर वर्षी जेठात व्हतंच," ती म्हणाली.

मग जागृतीने लांडगे पाठवले आणि लांडग्यांनी जमेना तेव्हा घोड्यावरचे लुटारू. रूपीने सगळं गाव उचलून जंगलात नेलं. लुटारू रिकाम्या झोपड्यांतून हिंडले, कंटाळले, निघून गेले. गाव परत आलं.

"तुझ्या आईला काय झालंय गं?" रूपीने दिशाला विचारलं. "रोज काय ना काय सोडते अंगावर."

"गेममधलं सगळं आईच पाठवते," दिशाने अभिमानाने सांगितलं.

बुधवार उजाडला. जागृतीच्या डोक्यात आता रोगराई तेवढी उरली होती, पण ती लिहायला बसली तेव्हा आत दिशा खोकत होती. तिच्याने ते लिहवेना. ती उठून पडवीत आली. रूपी चिकूच्या ढिगापुढे एकटीच होती. जागृतीही बसली आणि हातचाळा म्हणून चिकू निवडू लागली. रूपीने तिने निवडलेले चार चिकू दुसऱ्या ढिगात टाकले.

"रूपीबाय, एक विचारू? तुझं गाव उठवायचं असलं तर काय करायचं?"

"कंचा गाव? डब्यातला?"

"डब्यातला."

रूपीने विचारही केला नाही. "सोपा हाय. साहेब पाठवा."

"कसला साहेब?"

"टोपीवाला. माझी आजी सांगं. आजी इथलीच, ह्या मागल्या डोंगरीतली, उधव्याला मागून गेली. तर साहेब आला, झाडाखाली टेबल मांडला, बोलला, कागुद दाखवा. आजानं बांध दाखवला. आंबा दाखवला, बापानं लावलेला. साहेब बोलला, आंबा नको, कागुद." तिने एक मऊ चिकू दाबून बघितला आणि घरच्या टोपलीत ठेवला. "दुष्काळ जातो वहिनी, वाघ पण पोट भरला की जातो. कागुदवाला नाय जात. आणि रानात लपून काय फायदा? त्याला माणसा नको असतात. जमीन पायजे."

"मग जमीन गेली कोणाकडे?"

"ज्याच्याकडं कागुद व्हता." रूपीने हनुवटीने विहिरीपलीकडचा वाडीचा तुकडा दाखवला. "तुमच्या मोठ्या शेठकडं, सासऱ्याच्या बापाकडं व्हता." तिचा आवाज होता तसाच होता, शिळ्या बातमीसारखा. हात थांबले नव्हते.

सासऱ्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. दसऱ्याला त्यातली जमिनीच्या कागदांची फाईल पाटावर यायची, विळ्या-कोयत्यांच्या शेजारी, आणि तिला हळदकुंकू लागायचं. लग्न झाल्यापासून ते लावायचा मान सुनेचा होता.

जागृती आत आली. घड्याळात सव्वादोन वाजले होते. तिने आधी दिशाच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघितलं, पांघरूण नीट केलं, आणि मग लॅपटॉप उघडून एका दमात लिहून काढलं. तीस हंगामांत जो लेखनविद्या शिकणार नाही त्याच्या गावात एक टोपीवाला येईल आणि कागद मागेल. दर हंगामाला एक शेत जाईल. त्याच्याशी लढता येणार नाही, कारण त्याच्याकडे सैन्य नाही. त्याच्यापासून लपता येणार नाही. लेखनविद्या पुढच्या युगात, आणि पुढच्या युगाचं दार म्हणजे ते पिवळं बटण. सगळं इतकं चपखल बसलं की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि ते वाटतंय हे लक्षात आल्यावर तिने पटकन उठून चहा टाकला.

शुक्रवारी प्रितेशचा फोन दहाच्या ठोक्याला आला. "अगं, काय डोकं आहे. रक्ताचा एक थेंब नाही आणि माणूस धावत पुढच्या युगात जातो. इथे सगळ्यांनी बटण दाबलं, सगळ्यांनी. तिन्ही युगं तुझी. पत्र सोमवारी येईल. हे सुचलं कसं तुला?"

विहिरीच्या कठड्यावरून पलीकडचा तुकडा समोरच दिसत होता. या वर्षी तिथल्या झाडांना फळ जास्त होतं.

"सुचलं," जागृती म्हणाली.

घरी तिने शिरा केला. सासूबाईंनी दोनदा घेतला आणि बहिणीला फोन करून सांगितलं की सून कायम झाली, आता ती माणसांना पार कारखान्यापर्यंत आणून सोडणार. जतीनने तारापूरहून अंगठ्याचं चित्र पाठवलं.

शनिवारी दुपारी रूपी उधव्याला जायला निघाली होती. जीप सुटायला वेळ होता म्हणून तिनेच टॅबलेट मागितला. "बघू माझी माणसा कशी हायेत." दिशा धावत येऊन तिच्या मांडीत बसली. जागृतीने नको म्हणायला तोंड उघडलं, पण कारण काय सांगायचं ते ठरेना. आणि रात्रीच नवा खेळ टॅबलेटवर चढला होता.

गाव जागच्या जागी होतं. चारशे बारा माणसं. नदीकाठी कोणीतरी जाळं सुकत घातलं होतं. पिवळं बटण पेटलेलं. थोड्या वेळाने चित्रात एक टोपी घातलेला माणूस चालत आला, झाडाखाली टेबल मांडून बसला.

"आला कं?" रूपी म्हणाली.

तिने त्याच्यापुढे धान्य ठेवून बघितलं. मासे ठेवून बघितले. एक म्हातारा त्याच्यापर्यंत चालवत नेला आणि बांधापर्यंत परत आणला. पहिलं शेत करडं झालं, मग नदीकडचं दुसरं. माणसं शेताच्या कडेला उभी राहिली आणि एकेक करून पडद्याच्या काठाबाहेर चालू लागली. जागृतीनेच तसं लिहिलं होतं. मेलेली दाखवायची नाहीत, मुलंही हा खेळ खेळतील.

"बटण दाब, रूपीबाय," जागृती म्हणाली. "अजून वाचेल अर्धं गाव."

रूपी बटणाकडे बघत राहिली. मग तिने टॅबलेट दिशाच्या हातात दिला, उठली, पिशवी खांद्याला लावली.

"बरोबर बनवलाय, वहिनी," ती म्हणाली. "असाच व्हता तो. टेबल पण असाच." आणि जीप चुकेल म्हणून भरभर फाटकाकडे गेली.

दिशा पडद्याकडे बघत बसून राहिली. शेवटचं शेत गेलं तेव्हा तिने बोटाने ते पुसून बघितलं, जणू वर धूळ बसली आहे. जागृतीने तिला जवळ ओढलं, तिच्या केसांत हात घातला.

"आई, गेममधलं सगळं तूच पाठवतेस ना? पाऊस, लांडगे?"

"हो."

"साहेबपण?"

"हो, सोन्या. साहेबपण."

दिशाने मान वर करून आईकडे बघितलं. रागाने नाही; गणित अडलं की बघायची तसं.

"मग रूपीमावशीने तुझं काय वाईट केलं होतं?"