तीन हाका

दुधाच्या कॅनचे झाकण धर्मराजने नाकाजवळ नेले, वास घेतला आणि मान हलवली. सटवाने कॅन उचलून टाकीत उपडा केला. दूध उंचावरून तळाशी आदळले आणि धर्मराजच्या हातातले झाकण सुटून फरशीवर गरगरत रांगेतल्या बायांच्या पायांपर्यंत गेले.

"आज तिसऱ्यांदा, अण्णा," सटवा म्हणाला. "दोरी बांधून गळ्यातच घाला आता."

बाया हसल्या. धर्मराजही थोडा हसला आणि झाकण उचलायला वाकला.

दूध संस्थेत वास घेऊन दूध पास करण्याचे काम तो बावीस वर्षे करत होता. त्याच्या नाकाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण टाकी रिकामी असताना पहिले दोन-चार कॅन ओतले की आवाज मोठा होई, आणि तेवढा वेळ त्याचे हात त्याचे नसत. टाकी अर्धी भरली की कापायचे थांबत. घरीही तो अंगावर तांब्याने पाणी घेत नसे. फडके भिजवून अंग पुसून घेई.

संस्थेचे चेअरमन मोहनराव मोटरसायकल बाहेर लावून आत आले.

"धर्मा, टँकर मंजूर झालं. उद्याच्याला न्हाई, शुक्रवारपासून. दोन खेपा. विहिरीवर तूच."

"दुसरं कुणी बघा ना, साहेब."

"दुसरं कोण बे? बाया तुझ्याच हाकंवर भरवसा ठेवत्यात. धर्मराजच्या तीन हाका म्हंजी तीन हाका."

रांगेतल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. मोहनरावांनी विषय संपला असे धरले आणि ते सटवाशी बर्फाबद्दल बोलू लागले.

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या पुढच्या या वस्तीवर टँकरचे पाणी घागरीत वाटत नसत. भांडणे होत. टँकर आडात, म्हणजे गावाच्या सामायिक विहिरीत रिकामा करायचा आणि मग ज्याने त्याने शेंदून घ्यायचे, अशी पद्धत होती. टँकर येईपर्यंत एखादी बाई दगडी कपारींना धरून खाली उतरे आणि तळाच्या झऱ्यावर वाटीने पाणी भरत बसे. म्हणून पाणी सोडण्याआधी काठावरच्या माणसाने वाकून तीन वेळा हाक मारायची. 'खाली कोण हाय?' उत्तर आले नाही की हात वर करायचा. मग ड्रायव्हर कॉक उघडत असे.

तेरा सालच्या मे महिन्यात, एका दुपारी, काठावरच्या जागेवरून बाया भांडत होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. धर्मराजने भांडण सोडवले, वळला आणि हात वर केला. हाक मारली नाही. एकदाही नाही.

खाली छबूबाई होती. त्याच्या धाकट्या भावाची, बंकटची, बायको.

तिला बाजेवर बांधून वर काढत असताना कुणीतरी विचारले, हाक मारली होती ना? धर्मराजने तोंड उघडण्याआधीच मागून आवाज आला, "मारली आसंल की. पर ती भायापुढं कशी बोलंल?" नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर सुनेने आवाज काढायचा नाही, ही रीत सगळ्यांच्या घरात होती. त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटले. धर्मराज गप्प राहिला. संध्याकाळपर्यंत ते तसेच घडले होते असे ठरून गेले. पुढच्या आठवड्यात मोहनरावांनी नियमच केला: खालच्या बाईला बोलायला अवघड वाटले तर तिने घागरीवर वाटी आपटावी. छबूबाईचे खुब्याचे हाड मोडले होते. ती लंगडत चालू लागली, आणि लई मर्यादेची बाई, असे तिचे नाव झाले.

खरे दोघांनाच माहीत होते. दोघे एकाच अंगणात राहत. धर्मराजची बायको वारल्यापासून त्याचे ताटही छबूबाईच करी, उंबऱ्यावर ठेवी आणि आत जाई. ती आधीही त्याच्यासमोर बोलत नव्हती, नंतरही बोलली नाही. हे गप्प राहणे रीतीचे होते की दुसऱ्या कशाचे, हे त्याला अकरा वर्षांत समजले नव्हते.

रांग संपली तरी सुंदरबाई रिकामी किटली घेऊन दाराशी उभी होती. ती वस्तीवरची आशा कार्यकर्ती.

"झोप येती का, अण्णा?"

"येती की."

"छबू तर म्हणती, तुमी अंगणात फेऱ्या मारता."

धर्मराज झाकण पुसत राहिला.

"गुरुवारी केजला मनाचे डॉक्टर येत्यात. सरकारी दवाखान्यात. दाखवून तर या."

"मी काय येडा झालोय?"

"येडी माणसं कशाला येत्यात? त्यांना कुठं ठावं आसतंय येडं हाय म्हणून. तिथं समदे शहाणेच बसलेले आसत्यात रांगंत."

त्याला हसू आले. मग त्याने विचारले, "काय इचारतेत तिथं?"

"काय झालं, कवापासून होतंय. बस."

गोळ्या घ्यायला त्याची ना नव्हती. सुई चालली असती. पण काय झालं, हे सांगितल्याशिवाय गोळी मिळत नसेल तर अवघड होते.

"पहिल्या बारीला घरचं कुणीतरी लागतंय संगं," सुंदरबाई म्हणाली.

"बंकटला परळीहून सुट्टी न्हाई भेटत."

"छबू हाय की. सांगते तिला."

"नगं," तो म्हणाला. पण ती किटली हलवत निघूनही गेली होती.

बुधवारी उन्हं कलल्यावर तो विहिरीवर गेला. काठावर कुणी नव्हते. दगडावर हात टेकून तो वाकला आणि तोंड उघडले. शुक्रवारी मारायची ती हाक एकदा मारून बघावी, एवढेच त्याच्या मनात होते. घसा हलला, आवाज आला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. कपारीतून एक पारवा फडफडत वर आला आणि तो दोन पावले मागे सरला. मग घरी येऊन त्याने पांढरा सदरा बादलीत बुचकळला, स्वतःच पिळला आणि दोरीवर टाकला.

गुरुवारी सकाळी तो रस्त्यावर आला तेव्हा छबूबाई आधीच लिंबाखाली उभी होती. धुवट लुगडे, डोक्यावर पदर, त्याच्याकडे पाठ. जीप आली. ती बायांत मागे बसली, तो ड्रायव्हरशेजारी.

दवाखान्यातली डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिने दोघांना शेजारच्या खुर्च्या दाखवल्या. छबूबाईने आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. डॉक्टरने तिच्याकडे पाहिले, काही म्हटले नाही.

"काय त्रास होतो, काका?"

"हात कापतेत. पाण्याचा आवाज झाला की."

"कधीपासून?"

"तेरा सालापासून."

"तेव्हा काय झालं होतं?"

धर्मराजने टेबलाच्या कडेवर बोट फिरवले. "टँकर विहिरीत सोडलं. ह्या खाली व्हत्या."

"तुम्ही सोडलंत?"

"सोडणारा ड्रायव्हर. हाक माझी आसती. खाली कोण हाय, आशी."

"मग?"

 बाहेर कुणाचे तरी पोर रडत होते. डॉक्टर थांबून राहिली. आणि मग भिंतीकडून आवाज आला.

"मारली व्हती हाक. तीनदा मारली. मीच बोलले न्हाई."

धर्मराजने हा आवाज इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. भिंतीपलीकडून, शेळीला हाकताना, तो बारीक वाटे. इथे तो जाडसर होता आणि जराही हलत नव्हता.

डॉक्टरने मान डोलावली आणि कागदावर लिहायला घेतले.

"मॅडम," धर्मराज म्हणाला, "ते लिहू नका."

पेन थांबले.

"एकदाबी मारली न्हवती."

डॉक्टरने पेन खाली ठेवले.  

"मावशी, तुम्हाला हे माहीत होतं?" डॉक्टरने विचारले.

"व्हय."

"मग आत्ता तसं का सांगितलंत?"

छबूबाईने पदराचा काठ नीट केला.

"समदे तेच सांगतेत," ती म्हणाली. "मला वाटलं, हितंबी तेच सांगायचं आसतंय."

डॉक्टरने धर्मराजचा कागद बाजूला ठेवला. खणातून दुसरा कोरा कागद काढला आणि आपली खुर्ची भिंतीच्या बाजूला सरकवली.

"तुमचं पूर्ण नाव काय, मावशी?"

छबूबाईचे ओठ हलले आणि थांबले. पदराखालून तिने किंचित मान वळवली, धर्मराजच्या खुर्चीच्या पायांपर्यंत. धर्मराजच्या ते ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तो उठला, बाहेर आला आणि दार ओढून घेतले.

दाराशेजारच्या बाकावर तो बसला तोच मोहनरावांचा फोन आला.

"कुठं हाईस बे? उद्या सातला टँकर येतंय. येळंवर ये."

"दुसरा माणूस बघा, साहेब."

"कावून? काय झालं?"

"आल्यावर सांगतो. आडावरच सांगतो, समद्यांपुढं."

मोहनराव आणखी काही विचारत होते. त्याने फोन खिशात ठेवला.

आतून आवाज येऊ लागला होता. आधी तुटक, मग सलग. डॉक्टरचा नव्हता. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारले, आत कोण हाय, लई येळ लागतोय. धर्मराज म्हणाला, लागंल. दारातून शब्द कळू लागले तसा तो उठला आणि पार पलीकडच्या, उन्हातल्या बाकावर जाऊन बसला.