चाकावरचा लाल रंग

ब्रायोनीचा फोन आला तेव्हा मी जुन्या लष्करी गाड्यांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तंबूचा खुंटा ठोकत होतो.

"डॅड, पुढच्या डाव्या टायरला फुगवटा आलाय, चांगला लिंबाएवढा. हवा गच्च आहे अजून, पण अशी चालवायची नाही मला. स्पेअर लावते आणि येते."

"कुठे आहेस तू?"

"टिडकोम गावाच्या अलीकडे, त्या खोल वाटेत. बाकीच्या गाड्यांना म्हटलं जा पुढे. जॅक लावलाय, लांब पाना काढलाय. पंधरा-वीस मिनिटांत..."

"थांब! नटांना हात लावू नकोस!" मी ओरडलो, पण फोन आधीच गप्प झाला होता. त्या वाटेत दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच बांध आहेत, तिथे फोन कधीच धड लागत नाही. मी परत लावला, पुन्हा लावला. दर वेळी निरोप ठेवा म्हणून सांगणारी ती यंत्रातली बाई. हातातला हातोडा कुठे टाकला ते कळलं नाही.

माझा मित्र डेंझिल घडीच्या खुर्चीत सॉसेजचा पाव खात बसला होता.

"ऊठ. गाडीत बस."

"अरे, परीक्षक यायला अजून तास आहे, प्रोफेसर."

"ब्रायोनी चाक बदलतेय."

"मग बदलू दे की. तुझ्यापेक्षा बरं बदलेल." पण माझा चेहरा पाहून तो पाव तसाच हातात धरून उठला.

ब्रायोनी आणत होती ती आमची प्रदर्शनाची गाडी म्हणजे १९४२ची लष्करी मॉरिस, तोफ ओढणारी. नऊ वर्षांपूर्वी एका डुक्करवाल्याच्या छपराखालून आम्ही ती बाहेर काढली, तेव्हा तिच्या पोटात कोंबड्या अंडी घालत होत्या. डेंझिलचा जन्म बसच्या डेपोत मेकॅनिकी करण्यात गेला, म्हणून लोखंड त्याचं. मी शाळेत भूगोल शिकवला, म्हणून कागद माझे. दारावरचे रंगाचे थर ओल्या पॉलिश-पेपरने एकेक घासत मी तिचा मूळ लष्करी नंबर उघडा केला. तेवढ्याला तीन महिने लागले. त्या नंबरावरून पलटण शोधली, पलटणीवरून ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरची लीड्सला राहणारी भाची. तिच्या अल्बममध्ये आमचीच गाडी निघाली! ट्युनिशियाच्या वाळूत उभी, नंबर स्पष्ट. तो फोटो पाहून मी रडलो होतो. खोटं कशाला सांगू?

त्याच फोटोने घात केला.

या गाड्यांचं चाक एकसंध नसतं. दोन थाळ्या तोंडाला तोंड लावून कडेने दहा नटांनी आवळाव्यात, तसं ते असतं, आणि टायरमधली हवा त्या दोन थाळ्यांना सतत फाकवत असते. चाक गाडीवरून उतरवायचे नट वेगळे. ते आतल्या खोलगट भागात, ग्रीसने माखलेले. हवा भरलेली असताना कडेचे दहा नट सोडवत गेलं, तर उरलेल्या दोन-चार नटांना तो जोर पेलवत नाही आणि बाहेरची थाळी सुटून येते. समोर बसलेल्या माणसाचं डोकं जागेवर राहत नाही. म्हणून कडेचे नट लाल रंगवतात. ब्रायोनीने कधी चाक बदललं नव्हतं, पण डेंझिलने तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "लाल म्हणजे मरण. बाकी सगळं तुझं."

माझी छोटी कार रस्त्याला लागली तरी डेंझिल निवांतच होता. "एवढा का घाबरतोस? लालला ती हात लावायची नाही. सांगितलंय मी तिला."

"लाल नाहीयेत ते."

"काय?"

"मी गुरुवारी रंगवले. वाळूच्या रंगात. सगळे."

हा वाद आमच्यात आधीच होऊन गेला होता. फोटोतलं चाक एका रंगाचं दिसतं, नट वेगळे नाहीत, असं मी म्हणत होतो. "फोटो काळापांढरा आहे, लेका," डेंझिल म्हणाला होता, "त्यात तुझं लाल नाकसुद्धा करडंच येईल." मी म्हणालो, लाल असते तर गडद आले असते. त्यावर तो म्हणाला, "मग पुढे लाल रंगवायची पाळी का आली, ते शोध की तुझ्या कागदांत. कोणीतरी मेलं असेल म्हणूनच ना?" मी मान डोलावली आणि विषय मिटला. पण गेल्या वर्षी मागचा दिवा दोन वर्षं नंतरच्या बनावटीचा आहे म्हणून परीक्षकाने आमचे गुण कापले होते, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. गुरुवारी डेंझिल डोळे तपासायला डॉर्चेस्टरला गेला आणि मी रंगाचा डबा उघडला. आज सकाळी आम्ही दोघं तंबू घेऊन पुढे आलो, गाडी ब्रायोनीने शेडमधून काढली. डेंझिलने चाकं पाहिलीच नाहीत. त्याने पाहू नयेत अशीच माझी इच्छा होती, परीक्षक येऊन जाईपर्यंत तरी.

तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने दिल्या नाहीत. हातातला पाव त्याने काच खाली करून बाहेर टाकला.

"फोनला किती वेळ झाला?"

"आठ मिनिटं."

"नट मी आवळलेत. घट्ट आहेत. एकेकाला मिनिट तरी जाईल." मग म्हणाला, "पण लांब पाना आहे तिच्याकडे."

"किती नट उरले की जातं ते?"

"मला विचारू नकोस."

"डेंझिल, किती?"

"तीन. कधी चार. कधी पाचालाही जातं. गाडी चालव."

वळणावर समोरून गवताच्या गठ्ठ्यांची ट्रॉली आली. वाट एका गाडीपुरतीच. ट्रॅक्टरवरचा माणूस मला हाताने मागे जायची खूण करत होता, इथली रीतच आहे, लहान गाडीने मागे जायचं. मी हॉर्नवर हात दाबून धरला. डेंझिल खिडकीतून अर्धा बाहेर निघाला. "मागे घे! पोरगी मरतेय तिथे!" माणूस ट्रॉली मागे घ्यायला लागला. ट्रॉली ती, सरळ कशी जाईल? दोनदा बांधाला धडकली. मी मनात मोजत होतो. तेरा मिनिटं. चौदा. ब्रायोनी एक नट इकडचा, एक समोरचा अशी सोडवत असणार, कारण काम नीट करायची तिला सवय, आणि ती माझ्याकडून लागलेली. देवाला मी कधी काही मागितलेलं नाही, पण त्या दिवशी गंजलेला बोल्ट मागितला.

मॉरिस दिसली. पुढचं डावं चाक जॅकवर, बांधाच्या बाजूला. पाना जमिनीवर पडलेला. ब्रायोनी नव्हती.

मी इंजिन चालू ठेवूनच उतरलो. "ब्रायोनी!"

"समोरून जाऊ नकोस!" डेंझिलने माझी कॉलर धरली. "बाजूने बघ."

गाडीच्या नाकाआडून वाकून पाहिलं. थाळी जागेवर होती. सहा बोल्ट उघडे, चार नट शिल्लक. खाली गवतावर रक्त आहे का ते मी शोधत होतो. माझ्या मुलीचं रक्त शोधत होतो मी.

"जवळ जाऊ नका त्याच्या!" आवाज मागून, शेताच्या फाटकापलीकडून आला. ती बांधाला पाठ लावून खाली बसली होती. गुडघे छातीशी, मूठ आवळलेली. फाटक उघडायचं मला सुचलं नाही. मी त्यावरून चढून गेलो आणि पडलो.

तिने मूठ उघडली. तळहातावर नट होता. पान्याने एका बाजूचा रंग उडाला होता आणि खालून लाल दिसत होता.

"सहावा," ती म्हणाली. "आधीच्या पाचांच्या रंगाखाली नुसतं लोखंड होतं. मला वाटलं डेंझिलने दुसऱ्या जातीची चाकं बसवली. आतले नट ग्रीसमधले, म्हटलं ते ॲक्सलचे असतील, नको हात लावायला. मग हा निघाला. सगळं टाकून पळाले मी."

मी तिला धरलं. तिने मला धरलं नाही.

पण चाक अजून तसंच होतं. हवा भरलेलं, चार नटांवर. दुपारपर्यंत त्या वाटेने घोडेवाल्या मुली जातात, सायकलवाले जातात. हवा कोणीतरी काढायला हवी होती.

"मी जातो," डेंझिल म्हणाला.

"तुझे गुडघे तुला खाली बसू देतील का?"

मी बंपरच्या बाजूने पोटावर सरपटत गेलो, डोकं टायरच्या मागे ठेवून. व्हॉल्व्ह बाहेरच्या थाळीवर. हात मात्र समोरून न्यावाच लागला. टोपण दोनदा हातातून निसटलं. व्हॉल्व्हची आतली सुई फिरवली आणि हवा फुसफुसत निघाली. त्यातच थाळी एकदा कट्‌कन वाजली. मी डोळे मिटले. हात काढून घ्यावा असं वाटलं, पण काढला असता तर परत घालायची हिंमत झाली नसती, म्हणून ठेवला. टायर बसायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. शेवटी डेंझिलनेच पाय धरून मला मागे ओढलं.

ब्रायोनी फाटकाशी येऊन उभी होती. तिने डेंझिलकडे पाहिलं. "रंग कोणी लावला?"

डेंझिल बुटांकडे बघत राहिला. त्याने माझं नाव घेतलं नाही.

"मी," मी म्हणालो. "फोटोसाठी."

"मग पाचांखाली लोखंड आणि एकाखाली लाल, हे कसं?"

"लालचा कण राहू नये म्हणून तारेच्या ब्रशने घासले. हे चाक शेवटचं, त्याचे सात घासले. चार वाजले, मनगट दुखायला लागलं, चहाची वेळ झाली. उरलेल्या तिनांवर तसाच रंग मारला. कोणाला दिसणार आहे म्हटलं."

मग तिने तो नट माझ्या हातात दिला.

"म्हणजे डॅड, तू काम नीट केलं असतंस तर मी मेले असते."

"हो," मी म्हणालो.