माझं सरकलेलं शून्य

मी एक जुनी फळी आहे, मासे मोजायची. मीटरभर लांब, अंगावर सेंटिमीटरच्या रेघा आणि डोक्याशी एक आडवा ठोकळा. मासा माझ्यावर निजवायचा, त्याचं तोंड ठोकळ्याला टेकवायचं आणि शेपटीच्या खाचेपाशी आकडा वाचायचा. इतकं सोपं काम, मित्रांनो, आणि त्यात मी वर्षभर खोटं बोलले.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका बंदरावरचा. तिथे कांचन मला वापरायची. ती झाशीची, रेल्वेतल्या मराठी सुताराची मुलगी. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी. खोल पाण्यातून आलेले कुपा, म्हणजे ट्यूना मासे ती माझ्यावर मोजायची. हा मासा आज आपल्या पाण्यात, उद्या मालदीवच्या, परवा श्रीलंकेच्या. सरहद्द त्याच्या गावीही नसते. म्हणून तिन्ही देशांनी ठरवलं होतं, की प्रत्येकाने आपापल्या फळीवर मासे मोजायचे आणि शंभरात किती मासे वाढ पुरी होण्याआधीच पकडले गेले ते एकमेकांना कळवायचं. ठरलेल्या लांबीहून आखूड तो मासा कोवळा. कोवळे मासे जास्त निघाले तर पुढच्या वर्षी होड्या कमी करायच्या. माझ्या शब्दावर होड्या थांबत, त्यामुळे धक्क्यावर माझी वट होती. मी थोडी शेफारलेही होते.

एका उन्हाळ्यात माझा ठोकळा डुगडुगायला लागला. कांचनने मला गोणपाटात गुंडाळलं आणि सुट्टीला जाताना झाशीला नेलं. तिचे आप्पा, दिवाकर, रेल्वेच्या कारखान्यात डब्यांची लाकूडकामं करून निवृत्त झाले होते. त्यांनी नगरा वस्तीतल्या घरी अंगणात बसून मला सागवानाचा नवा ठोकळा बसवला. बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. फक्त ठोकळा जुन्यापेक्षा जाड होता, आणि माझे पहिले दोन सेंटिमीटर त्याच्याखाली गेले.

बंदरावर पहिला मासा ठेवला तेव्हाच मला कळलं, की याचं तोंड शून्यावर नाही, दोनवर आहे. पण सगळ्यांची नजर शेपटीकडे. डोक्याकडे कोण बघतो? हजारो मासे माझ्यावर निजले आणि प्रत्येक जण दोन सेंटिमीटरने थोराड ठरला. मला लाज वाटत होती, पण फळीने ओरडायचं कसं?

पुढच्या उन्हाळ्यात कांचन मला घेऊन पुन्हा झाशीला आली. तिथूनच ती कोलंबोच्या बैठकीला जाणार होती. त्याआधी तिचा अहवाल ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फॅक्सने कोलंबोला पोहोचायला हवा होता, कारण त्याच्यावरून होड्यांचा आकडा ठरणार होता. त्या दिवशी दुपारी तीन वाजता ती खाटेवर कागद पसरून बसली होती. कूलर घरघरत होता आणि तिच्या कपाळावर तरीही घाम होता.

"आप्पा, कुछ तो गड़बड़ है," ती म्हणाली. "मालदीव आणि श्रीलंकेकडे मासे लहान झालेत, आपल्याकडेच मोठे. मासा तर तोच आहे."

"मग त्यांचंच चुकलं असेल, बेटा," आप्पा म्हणाले.

कांचनने पेन उचललं आणि लिहिलं, की शेजारी देशांची मोजणी विश्वासार्ह दिसत नाही. मित्रांनो, ते वाक्य माझ्या डोळ्यांदेखत उमटत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. ते वाक्य गेलं असतं तर पुढच्या वर्षी होड्या वाढल्या असत्या, आणि वाढ न झालेले मासे आणखी उपसले गेले असते.

आप्पांनी मला उचललं. "पण तू मोजतेस कसं, ते दाखव तरी मला."

कांचनने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, ठोकळ्याला टेकवलं आणि दुसऱ्या टोकाचा आकडा वाचला. "पस्तीस. बस, इतकंच."

"आणि वजा?"

"काय वजा करायचं, आप्पा?"

आप्पांनी ठोकळ्याच्या कडेचा आकडा बघितला. मग म्हणाले, "आम्ही कारखान्यात पट्टीच्या टोकापासून कधी मोजलं नाही गं. टोक झिजतं, म्हणून थोडं सोडून धरायचं आणि तेवढं वजा करायचं. मला वाटलं तुम्हीही तसंच करता. म्हणून ठोकळा जाड बसवला, मजबूत व्हावा म्हणून."

कांचनने लाटण्याला आप्पांची पोलादी पट्टी लावली. तेहेतीस.

चार वाजायला दहा मिनिटं होती. तिने वह्या ओढल्या आणि सेंटिमीटरवार मांडलेल्या प्रत्येक रकान्याच्या लांबीतून दोन वजा करत कोवळे मासे पुन्हा मोजायला बसली. आप्पा शेजारी बसून खुणा करत होते. आधी शंभरात एकोणतीस निघाले होते. आता त्रेपन्न निघाले. शेजारच्या दोन्ही देशांचे आकडेही पन्नाशीच्या वरच होते.

तिने ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं, की आमच्या फळीची दुरुस्ती चुकली होती.

"कुणी केली ते लिही," आप्पा म्हणाले.

"राहू द्या ना, आप्पा."

"लिही. नाहीतर ते तुझ्यावर येईल."

सीपरी बाजारातल्या फॅक्सच्या दुकानात टेंपो पोहोचला तेव्हा पाचला चार मिनिटं होती. मी कांचनच्या काखेत होते. दोनदा लाइन लागली नाही. तिसऱ्यांदा दुकानदार म्हणाला, "दीदी, मिल गई. भेज दें?" कांचनने आप्पांकडे पाहिलं. कागदाच्या तळाशी लिहिलेलं होतं, दुरुस्ती दिवाकर, निवृत्त सुतार, झाशी. आप्पांनीच होकाराची मान हलवली.

त्या वर्षी होड्या कमी झाल्या. धक्क्यावर लोक चिडले आणि माझ्यावर थुंकलेही. ते मी सोसलं, कारण आता मी खरं सांगत होते.

त्या संध्याकाळी फॅक्स करून घरी आल्यावर कांचनने जाड ठोकळा काढायला पटाशी आणून आप्पांपुढे धरली होती. ते नको म्हणत होते. "आता माझा हात नको लागायला, बेटा." ती म्हणाली, "तुम्हीच काढा, आप्पा. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

मित्रांनो, मला पुसा, उन्हात टाकू नका, पण त्याआधी एक करा. शेजाऱ्याचं माप खोटं म्हणण्यापूर्वी माझ्या डोक्याशी एकदा पट्टी लावून बघा. माझं चुकलं तर मला कळतं, पण सांगता येत नाही.