लोडाची खोळ

हवालदाराने कपाटातून बंदूक काढून टेबलावर आडवी ठेवली आणि दस्त्याला बांधलेली चिठ्ठी उलटवून वाचली.

"नागसेन ओव्हाळ. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी."

"आणि हे?"

"मेहुणा त्यांचा," जयसिंगमामा म्हणाला. "हिचा मामा."

उत्कर्षाने लायसनचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला बंदुकीशेजारी ठेवला. लायसनवरचा फोटो बाबा पलटणीतून सुटून आले त्या वर्षीचा होता, मिशा काळ्याभोर. हवालदाराने फोटो बघितला, मग तिचं नाक बघितलं आणि पान उलटलं.

"कुणाच्या नावावर करायचीय? वारसाला अर्ज करता येतो. नाहीतर जमा."

"हिच्याच नावावर करा," मामा म्हणाला. "वाचनालयात काम करती ही. लोक पुस्तकं परत आणत न्हाईत, जरा धाक बसंल."

हवालदार हसला. मामाच्या तोंडून असं काहीतरी निघाल्याशिवाय राहत नसे. मयताच्या दिवशीही तो कोपऱ्यात कुणाला तरी हसवून आला होता आणि मग मोरीत जाऊन रडला होता.

"जमा," उत्कर्षा म्हणाली.

बंदूक तिला नकोच होती. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती थेरगावपासून मामाच्या मागे मोटरसायकलवर बसून येईपर्यंत तिने मनात दहा वेळा जुळवून पाहिली होती. आता समोर कागद पसरलेले असताना शब्द सुचेनात.

सोळा वर्षं बाबा ही दुनळी पाठीला लावून थेरगावहून चाकणला मोटरसायकलवर गेले. सिक्युरिटी एजन्सीला पहाऱ्यासाठी स्वतःची बंदूक असलेला माणूस हवा होता आणि पलटणीच्या माणसाला दुसरं काय येणार, असं ते म्हणायचे. त्यांचे नियम ठरलेले. बंदूक रिकामी. बंदूक कॅनव्हासच्या कव्हरात, कव्हराचं तोंड बांधलेलं. काडतुसं पत्र्याच्या डबीत, डबी गाडीच्या डिकीत. नाकाबंदी दिसली की पोलिसाने हात करायच्या आधीच ते गाडी बाजूला घेत, उतरत, दोन्ही हात अंगापासून लांब धरत आणि म्हणत, "लायसन उजव्या खिशात आहे, काढू का?" पोलीस हो म्हणेपर्यंत हात खिशाकडे जात नसे. लहानपणी एकदा ती त्यांच्यामागे बसली होती तेव्हा तिला त्या वाक्याची फार लाज वाटली होती. आपला बाप बंदूकवाला, आणि परवानगी मागतो.

अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिने ते कव्हर धुतलं. तेलाने आणि घामाने ते इतकं कडक झालं होतं की दाराआड उभं राहायचं. सोमवारी पहाटे ते ओलंच होतं. बाबा दोरीवरच्या कव्हराकडे बघत उभे राहिले. तेव्हा तिनेच दिवाणावरच्या लोडाची खोळ काढली. आईने शिवलेली, पिवळ्यावर गुलाबी फुलं. बंदूक दस्त्यापासून नळ्यांच्या टोकापर्यंत तिच्यात बरोबर मावली. तोंडाची नाडी तिनेच बांधली. बाबा आरशात बघून हसले होते. ते हसले होते, याची तिला खात्री होती. म्हणून तर तिने फोटो काढला.

चिंबळी फाट्याच्या पुढे कंटेनरचा धक्का लागला. बाबा दुभाजकाशी पडले आणि चाळीस मिनिटं पडून राहिले. कंपन्यांच्या बस बाजूने गेल्या. माणसं जमली, पण लांब, अर्धगोल करून. हे तिला जमलेल्यांतल्या कुणीतरी काढलेल्या व्हिडिओमुळे माहीत होतं. त्यात बंदूक उघडी होती, पट्टा छातीवर आवळलेला, नळ्या डोक्यामागून वर आलेल्या. कुणीतरी म्हणत होतं, "हात लावू नको राव, लोडेड असंल." दुसरा म्हणत होता, "भाई असणार कुणीतरी." आणि बाबा, डोळे मिटलेले, दोन्ही हात अंगापासून लांब पसरून, पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणत होते. लायसन उजव्या खिशात आहे, काढू का? कुणी हो म्हणालं नाही. एकदा न विचारताच त्यांचा हात थोडा हलला, तर अर्धगोल आणखी मागे सरकला.

शेवटी मीरासाहेब नावाच्या पंक्चरवाल्याने त्यांना टेम्पोत घातलं. तोपर्यंत उशीर झाला होता. दुपारी एजन्सीतून फोन आला, बंदुकीला काही झालं नाही ना, म्हणून.

आईने तो व्हिडिओ एकदाच बघितला आणि विचारलं, "खोळ कुठाय?" मग स्वतःच म्हणाली, "सुटली असंल. एक गाठ नीट मारता येत न्हाई हिला." त्यानंतर एकोणीस दिवस ती दुसरं काही बोललीच नाही म्हटलं तरी चालेल. भाकरी थापताना म्हणायची, अंथरूण घालताना म्हणायची. खोळ नसलेला लोड तिने दिवाणावर तसाच ठेवला होता, कापूस दिसत असलेला.

"साहेब," उत्कर्षा म्हणाली, "बंदुकीवर एक खोळ होती. कापडाची. ती रस्त्यावर सापडली का?"

"उघडीच होती बंदूक." हवालदाराने मान वर केली नाही. "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका, पण उघडी बंदूक घेऊन पडलेल्या माणसाजवळ मी पण आधी गेलो नसतो. लोकांची काय चूक?"

"नाडी बांधली होती मी. ती सुटली का, एवढंच बघायचं होतं."

हवालदाराने सुस्कारा सोडला, फायलीतला पंचनामा काढला आणि बोट फिरवत वाचू लागला. "दुनळी बंदूक एक. डिकीत पत्र्याची डबी, काडतुसं बारा. हेल्मेट, फुटलेलं. मोबाईल. उजव्या खिशात लायसनची झेरॉक्स, लॅमिनेशन केलेली. डाव्या खिशात..." तो थांबला. "फुलाफुलांच्या कापडाची पिशवी एक, घडी केलेली. हीच का?"

त्याने खालच्या खणातून तपकिरी पाकीट काढलं आणि टेबलावर उलटं केलं.

खोळ होती. चौपदरी घडी, कडेला कड जुळवलेली, पलटणीत चादरीची करतात तशी. नाडी वेगळी काढून तिच्याभोवती गुंडाळलेली. नाडीचं टोक नीट आत खोचलेलं होतं. एका कोपऱ्यावर तपकिरी डाग होता, बाकी कापड स्वच्छ.

"सुटली न्हवती की गं," मामा म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला. "बघ. त्यांनी सोताच सोडलीया. तुझी गाठ पक्कीच होती. उगं एवढे दिवस जिवाला लावून घेतलंस."

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने श्वास सोडला. तेवढा एकच श्वास तिला मिळाला.

मग तिने फोन काढला आणि घरच्या ग्रुपवर बोट वर वर सरकवत नेलं. हात जोडलेल्या चित्रांची, फुलं वाहिलेल्या फोटोंची, भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग संपेचना. ती संपली तिथे तिने काढलेला फोटो होता. सहा वाजून पाच मिनिटं. दारात बाबा, खांद्यामागून वर आलेली पिवळी-गुलाबी खोळ.

खाली मामेबहीण मिनल: नवरी निघाली चाकणला.

जयसिंगमामा: दाजी, बंदुकीचं डोहाळजेवण हाय का आज?

त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, सात-आठ. मग ती स्वतः: करवले खुद्द सुभेदार ओव्हाळ. हुंड्यात बारा काडतुसं. या वाक्यावर ती तेव्हा खूश होती. सगळ्यात जास्त हसणारे चेहरे त्यालाच आले होते.

सहा एकतीसला बाबांचं उत्तर होतं. जोडलेले हात. ते कशालाही तेच पाठवत, वाढदिवसालाही आणि कुणी गेलं तरीही, म्हणून त्या दिवशी तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. बाबा गाडी चालवताना फोनला हात लावत नसत. म्हणजे ते कुठेतरी थांबले होते. बहुधा मोशीत, चहाला. चहा पीत त्यांनी सगळं वाचलं होतं, हात जोडले होते, गाठ सोडली होती आणि खोळीची घडी घातली होती, कडेला कड जुळवून.

"सही करा इथं," हवालदार म्हणाला. "बंदूक जमा, पिशवी परत मिळाली."

तिने दोन्हीकडे सही केली.

बाहेर मामाने गाडी स्टँडवरून काढली. कंपनीची शिफ्ट सुटली होती, रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत होते. तेवढ्यात आईचा फोन आला.

"सापडली का?"

उत्कर्षाने हातातल्या घडीकडे बघितलं. खोळीच्या शिवणीत आईचा टाका होता, बारीक, एकसारखा. ही तिने बाबांच्या निवृत्तीच्या वर्षी शिवली होती आणि येईल त्याला दाखवली होती.

"नाही," ती म्हणाली. "रस्त्यातच उडून गेली म्हणे."

"म्हंजी गाठ सुटली."

"हो. सुटली."

"मी म्हटलंच हुतं," आई म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जरा बळ आलं होतं. फोन बंद झाला.

मामा मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. "असं काय सांगितलंस गं? तुझ्याच डोक्यावर घेतलंस. खिशातनं निघाली की ती. का सोडली त्यांनी, हे बी कळंना..."

गाडीची डिकी उघडून तिने खोळ आत ठेवली. हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा हनुवटीखाली ओढला, मग पुन्हा एकदा ओढून पक्का केला.

"चला मामा," ती म्हणाली.