हिरव्या खुंट्या

शेलूच्या छायाचा जुन्या स्पीकरच्या पेट्यांवर फार जीव, पण त्यांच्या मालकांवर भारी राग. स्क्रूची भोकं सैल झाली की मेले लांब स्क्रू घुसवतात आणि लाकडाचा पार भुगा करून ठेवतात!

म्हणून कर्जतच्या गोपाळकृष्ण सरांनी सागवानी पेटी तिच्या दुरुस्तीच्या दुकानात आणून ठेवली आणि, "चाळीस वर्षांत हिला कुणाला हात लावू दिलेला नाही," असं ऐकवलं, तेव्हा तिने भुगा बघायची मनाची तयारीच केली. आतला फाटका स्पीकर काढला आणि ती बघतच राहिली. चारही भोकांत हिरव्या रंगाच्या बारीक लाकडी खुंट्या सरसाने चिकटवून बसवल्या होत्या, वरून घासून अगदी सपाट केलेल्या. तिने नवा जड स्पीकर ठेवला आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने पिळले. खुंट्यांनी ते असे धरले की पेटी उलटी केली तरी स्पीकर जागचा हलला नाही.

"सर, असं काम मला पन जमायचं नाय. कुनी केलंय?"

"कंपनीचंच असणार."

"कंपनी हिरव्या खुंट्या कशाला मारंल?"

सरांच्या पत्नी सुनीतीबाई बाकड्यावर विणत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माझी विणायची सुई आहे ती. तुम्ही शाळेची सहल घेऊन माथेरानला गेला होतात, तेव्हा कापली. स्पीकर सैल होऊन पेटी खरखरायची, ती खरखर काय आपोआप थांबली होती? आणि तुमचा स्वेटर एका बाहीवरच का राहिला, कधी विचारलंत?"