जमिनीची रेघ

सासूबाई गेल्या आणि अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली. उभा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात घालवलेला माणूस. घरात कुणी खुर्ची वाकडी ठेवली तरी त्यांचं डोकं उठायचं. आता तीच खुर्ची उलटी पडली असती, तरी ते जागचे हलले नसते. सून त्यांच्यापुढे चहा ठेवायची आणि गार झालेला कप उचलून न्यायची.

सून कापडाच्या छापखान्यात नक्षी काढायची. यंदा तिच्या साहेबांच्या डोक्यात फ्रेंच इमारतींचं खूळ शिरलं होतं. तिनं फोटोंचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं आणि अप्पांसमोर मुद्दाम चुकीची कमान काढत बसली. अप्पांनी थोडा वेळ सोसलं.

"अगं, ही कमान आहे की कांदा? आण ती पेन्सिल इकडे."

त्या दिवसापासून घरात फ्रान्स अवतरला. टोकदार कमानी, चर्चची फुलासारखी गोल खिडकी, बाल्कन्यांचे वळणदार लोखंडी कठडे. अप्पा जन्मात तिकडे गेले नव्हते, पण तिथल्या गवंड्यांशी रोजचं उठणंबसणं असल्याच्या थाटात बोलायचे. चहाही गरम असताना प्यायला लागले. सुनेचा जीव भांड्यात पडला.

घोटाळा एकच होता. अप्पा प्रत्येक कमानीखाली एक जाड रेघ ओढायचे. जमिनीची. इमारत हवेत उभी करायची नाही, हा त्यांचा बाणा. कागदावर ते शोभायचं, पण कापडावर तीच नक्षी एकाखाली एक छापली जाते. पहिला नमुना छापून आला, तर वीत-वीत अंतरावर आडवे काळे पट्टे. अंगाला लावून पाहिला, तर पोटावर पट्टा आवळल्यासारखा दिसला.

"कमानी झकास आहेत," साहेब म्हणाले. "ही रेघ तेवढी काढून टाका."

तिनं ती गुपचूप खोडली. नक्षी पसंत पडली.

आता अप्पांना सांगायचं कुणी? ते रोज संध्याकाळी विचारायचे, "छापलं का गं?" आणि ती रोज यंत्राच्या नावावर बिल फाडायची.

"सांगून टाक ना," नवरा म्हणाला. "चार दिवस रुसतील."

"रुसले तर चालेल रे. पेन्सिल ठेवून दिली तर?"



पण यंत्र तरी बिचारं किती दिवस बिघडणार? शेवटी तिनं मनाचा हिय्या करून कापड घरी आणलं आणि पलंगावर पसरलं. अप्पांनी भिंग लावलं.

"जमीन कुठे गेली?"

"मी खोडली, अप्पा." मग तिनं सगळंच सांगितलं, पट्ट्यांसकट.

अप्पांनी भिंग बाजूला ठेवलं. "अंगावर घे बघू. आता चाल."

ती खिडकीपर्यंत जाऊन परत आली. चालताना कमानी हलत होत्या, घडीत मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

"रेघ नकोच होती इथे," अप्पा म्हणाले. "पण माझ्यापासून लपवलंस ना, ते लागलं मला. तुझी सासूही अशीच जपायची. मी काय काचेचा आहे?"

"चुकलं माझं."

"पुढच्या वेळी आधी मला सांगायचं. माझं मी खोडीन."

ते रागावले होते, यात शंकाच नव्हती. सुनेला मात्र त्यातलं 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकू आलं, आणि ते नवं कापड तोंडाला लावून ती ढसाढसा रडली.